दाराबाहेरचे बूट

सोळा तासांच्या विमानप्रवासाची घरघर अजून कानांत होती. भाड्याच्या खोलीचं कुलूप उघडलं आणि सवयीने बूट दाराबाहेर काढून आत गेले. बॅग टेकवते तोच दारावर टकटक. समोरच्या आजी माझे बूट हातात घेऊन उभ्या होत्या. "बाहेर राहिले तुमचे," असं इंग्रजीत म्हणाल्या, बूट माझ्या हातात दिले, हसल्या आणि आपलं दार लावून घेतलं.

तेव्हा तो लांबलचक कॉरिडॉर मी नीट पाहिला. दहा-बारा दारं, आणि एकाही दारापुढे चप्पल नाही. आमच्याकडे जिना चढतानाच कळायचं, की मावशी आलीये, पोरांनाही घेऊन आलीये, म्हणजे चहाचं आधण वाढवायला हवं. चपलांच्या त्या ढिगावर आई रोज वैतागायची. इथे कोण घरात आहे, कोणाकडे कोण आलंय, काही कळायला मार्गच नव्हता.

तेवढ्यात आईचा फोन. "पोचलीस ना गं? शेजार कसा आहे?"

"चांगलाय. आल्या आल्या एक आजी भेटून गेल्या."

फोन ठेवला, बूट आत घेतले, दार लावलं. आता बाहेरून पाहणाऱ्याला माझ्याही खोलीत कोणी आलंय असं वाटलं नसतं.