कौसल्याचं दुसरं वर्ष

कौसल्या चुकलेला आकडा कधी खोडत नसे. खालचा आकडा वाचता येईल अशी एकच आडवी रेघ मारायची, शेजारी लिहायची 'चूक', आणि वर आपली सही ठोकायची. हिंगोलीच्या कॉलेजात प्रयोगशाळेतले सर वैतागायचे. "अगं बाई, हट्ट्याला खोडरबर मिळत नाही का?" ती म्हणाली, "मिळते सर. पण चूक मी केली तर दिसू द्या ना. लपवून काहून ठेवायची?" वर्ग फिदीफिदी हसला. मीही हसले. एसटीनं रोज हट्ट्याहून येणारी पोर सरांना उलटून बोलते, याचीच आम्हाला गंमत.

मी हळदीच्या अडत्याची मुलगी. तिचे वडील शेतमजूर. ती लहान असताना त्यांनी धम्म स्वीकारला आणि घरातले देव स्वतःच्या हातानं नदीत सोडले. हे ती न विचारता सांगायची, अगदी मान ताठ करून.

बी.एस्सी.नंतर आम्हा दोघींची ज्यासाठी निवड झाली तो कणभौतिकीचा एम.एस्सी. अभ्यासक्रम जोडीचा होता. पहिलं वर्ष आपल्याकडच्या विद्यापीठात, दुसरं परदेशातल्या, पदवी दोन्ही विद्यापीठांची मिळून. तिकडून फिल्मची रिळं यायची. अणूपेक्षाही बारीक कण जिथून गेले तिथल्या रेषा त्यावर उमटलेल्या असायच्या. चुंबकाच्या ओढीनं रेष कुठं आणि किती वळली, त्यावरून कण ओळखायचा. मी दिवसभरात डोळे फोडून जेवढं पाहायचे, तेवढं कौसल्या दुपारपर्यंत उरकायची. टेबलावर वाकून रेषेशी बोलायची, "नाव कोण विचारून राहिलं तुला? वळतं कसं ते दाखव." आमचे प्राध्यापक म्हणायचे, ही तिकडच्यांनाच शिकवून येईल.

दुसऱ्या वर्षाचा खर्च माझ्या घरचे करणार होते. तिला शिष्यवृत्ती मिळाली तरच जाता येणार होतं. उन्हाळ्याच्या सुट्टीत आम्ही गावी आलो, अर्ज भरले. धर्माच्या रकान्यात तिनं ठसठशीत 'बौद्ध' लिहिलं. राहिला होता फक्त वसमतच्या तहसीलचा जात-धर्माचा दाखला. दोन्ही अर्ज हिंगोलीहून मीच रजिस्टरनं पाठवणार होते, म्हणून तिचा अर्ज माझ्याकडे होता. "दाखला घेऊनच येते, थांब माझ्यासाठी," एवढं सांगून ती हट्ट्याला गेली.

तहसीलमध्ये तिला रोज 'उद्या या'. कारकून म्हणाला, "जुनी जात लिही, हिंदू लिही, आत्ता देतो." कौसल्या भर कचेरीत कडाडली, "आमच्या बापानं ते नदीत सोडलं, अन् तुमी गाळात हात घालून परत काढून राहिले?" हे मला मामानं सांगितलं. माझा मामा त्याच कचेरीत नोकरीला होता. हसत हसत सांगत होता.

मुदत संपत आली. तिचा पत्ता नाही. मग मी, शहाणी मी, सरळ मामाला गाठलं. त्यानं संध्याकाळपर्यंत शिक्क्यासकट दाखला हातात ठेवला. त्यावर 'हिंदू' होतं, पुढं ती जुनी जात. मी वाचलं. न वाचता पाठवलं असं खोटं मी कधी सांगितलेलं नाही. कागदच तर आहे, असं मनाशी म्हणाले, तिच्या अर्जाला टाचला आणि सकाळी पोस्टात टाकून आले.

त्याच दुपारी ती आली. घामानं भिजलेली, चेहरा असा फुललेला मी कधी पाहिला नव्हता. "तहसीलदाराच्या खोलीतच जाऊन बसले! म्हनलं, उठत न्हाई. हे बघ, बराबर लिवून देला." कागदावर 'बौद्ध' होतं. आणि मी काय म्हणावं? "अगं, कशाला एवढी तकलीफ घेतलीस? मी सकाळीच पाठवलाय. काम झालं!"

तिनं सगळं विचारून घेतलं. मग एकच विचारलं, "मला इचारलं का तू?"

नवा दाखला तिनं तातडीनं पाठवला. शिष्यवृत्तीच्या कचेरीतून उत्तर आलं: अर्जदाराचे दोन दाखले, दोन धर्म, अर्ज विश्वासार्ह नाही. ती तिथल्या साहेबांना भेटली, पत्रं लिहिली. मी माझी चूक लिहून दिली, ती कोणी वाचली नाही. जातीचं नाव लिही म्हणून मागे लागणारी हीच सरकारी माणसं, आणि ते लिहिलेलं दिसताच हिलाच खोटारडी ठरवणारी हीच! मामा म्हणाला, "आपण तिच्या भल्याचंच केलं." आपण! भलं! आजही हा शब्द ऐकला की माझं डोकं फिरतं. मामाचा राग आहेच, कारकुनाचा आहे. सगळ्यात जास्त माझा आहे. मी विमानात बसले, ती बसली नाही.

पदवी घेऊन परतले तेव्हा ती वारंगा फाट्याजवळच्या शाळेत विज्ञान शिकवत होती. मी तिच्या खोलीवर गेले आणि रडत रडत माफी मागितली. तिनं पाणी दिलं आणि म्हणाली, "रडून काय होऊन राहिलं? माफ केलं म्हनजे तू मोकळी. मंग मी? तिकडं शिकलीस ते सगळं काढ. एकबी धडा सोडायचा न्हाई."

दोन उन्हाळे मी तिच्याकडे जात राहिले. बाहेर ट्रकांची घरघर, आत पत्र्याखाली आम्ही दोघी. मी शिकवायची, ती अडवायची. "हे तुला कळलं न्हाई, पाठ करून आलीस," असं तोंडावर सांगायची आणि स्वतः फळ्यावर सोडवायची. खूपदा तिचंच बरोबर असे. गोड बोलणं नाही, जुन्या आठवणी नाहीत. मला तिथं बसणं जड जायचं, आणि जायलाच हवं होतं.

शेवटचा धडा एका दुपारी संपला. तिनं हात झटकले, चहा ठेवला, कप माझ्यापुढं सरकवला.

"झालं माझं दुसरं वर्ष," ती म्हणाली. "आता येऊ नको, शैला. परीक्षा घ्यायला कोनी न्हाई."