जोडव्यावरची काळी पट्टी

चिकटपट्टीचा वास आला की माझं डोकं तापतं. उंद्रीच्या शाळेत शहरातली मंडळी आईची कापूस वेचण्याची हालचाल संगणकात टिपायला आली होती. त्यांनी तिच्या अंगभर चकाकते गोळे चिकटवले, कारण इन्फ्रारेड कॅमेऱ्यांना तेवढंच दिसे. पण आईची जोडवीही चकाकली आणि कॅमेऱ्यांना तीही गोळेच वाटली. "काढा ती," त्यांचे साहेब म्हणाले. "नवरा जिता हाये माहा, काऊन काढू?" खोक्यात स्वतः उजेड देणारे गोळे होते, त्यांनी घोटाळा झाला नसता, पण "ते महागाचे आहेत" म्हणत साहेबांनी जोडव्यांवर काळी पट्टी गुंडाळली. काम संपल्यावर ती ओरबाडून एका जोडव्यासकट कचऱ्यात टाकली. आई कचरा उपसत राहिली, आणि साहेब पडद्यावरच्या, तिच्या हातांच्या ठिपक्यांना म्हणत होते, "काय सुंदर हात आहेत!" तो पडदा तेव्हाच फोडायला हवा होता.