टेकाडावर न चढलेलं पाणी

साठ-एकसष्टच्या सुमारास मी यवतमाळला पंपाच्या दुकानात कामाला होतो. घरात सगळे कारकून, म्हणून कागद वाचायचा माज भारी. प्रत्येक पंपासोबत एक तक्ता यायचा. उभी रेघ उंचीची, आडवी पाण्याची, आणि मधून खाली उतरणारी वाकडी रेघ. जितकं उंच चढवाल तितकं पाणी कमी. अगदी डाव्या टोकाला पंप फिरतो, पाणी मात्र शून्य. एवढंच. पण ते वाचता येणारा दुकानात मी एकटा, अन् मी ते कुणाला विसरू देत नव्हतो.

घाटंजीकडच्या तांड्यावरून एक म्हातारा आला. मोटेची बैलजोडी विकून आलता. संत्र्याची रोपं होती टेकाडावर. मोट विहिरीच्या तोंडाशी रिकामी व्हायची, तिथून वर त्याची बायको घड्यांनी पाणी न्यायची. तिची कंबर गेली होती.

"औंदा बुढीच्या डोक्यावर घडा नको, साहेब."

विहीर किती खोल, मी विचारलं. त्यानं मोटेच्या नाड्याचं माप सांगितलं, पाण्यापासून विहिरीच्या तोंडापर्यंत. मोटवाला दुसरं माप सांगेल तरी कसं? मी त्याचे फूट केले, रेघेवर बोट ठेवलं, पाणी भरपूर निघालं. टेकाड मोजायचं मला सुचलंच नाही. त्यानं डाव्या टोकावर बोट ठेवलं. "अन् इथं काय होते?"

"शून्य! तिथं कायले जाते तुमचं पाणी?" मी खेकसलो.

पंप विहिरीतल्या ओट्यावर बसवला. इंजिनाला हळदकुंकू झालं, नारळ फुटला. म्हातारीनं घड्याखाली डोक्यावर ठेवायची आपली चुंबळ हसत विहिरीत फेकली. इंजिन सुरू झालं. आम्ही टेकाडावर पाइपाच्या तोंडाशी थांबलो. लई थांबलो. थेंब नाही. विहिरीच्या तोंडाशी जोड सोडला तर पाणी धो धो.

मला लाज वाटायला हवी होती. काहीच वाटलं नाही. हातपाय दुसऱ्या कुणाचे असावेत तसा उभा होतो. आजही तो दिवस आठवला की तसंच होतं, आत काही हलत नाही.

म्हाताऱ्यानं खिशातून तक्ता काढला, डाव्या टोकावर बोट ठेवलं. रागावला नव्हता.

"साहेब, आपन इथं हाओत ना?"

"हो," मी म्हणालो.

म्हातारीनं ओढणीचं टोक गोल गुंडाळून डोक्यावर ठेवलं अन् घडा उचलला.