टूथ पावडरने घासलेला बिल्ला

ग्राहकाचा दोनशे वर्षांचा चांदीचा बिल्ला मी टूथ पावडरने घासला. वुडलँड्सच्या आमच्या फ्लॅटमध्ये, स्वयंपाकघरातल्या सिंकमध्ये आणि पूर्ण शुद्धीत.

तेव्हा मी सिंगापूरच्या एका विमा कंपनीत होतो. मूळचा मोटारवाला. ठोकलेल्या गाड्या बघायच्या आणि नुकसान ठरवायचं. अँटिक वस्तू बघणारी सहकारी बाळंतपणाच्या रजेवर गेली आणि तिचं टेबल माझ्या गळ्यात पडलं. पहिलीच केस मिस्टर लिम यांची. निवृत्त गृहस्थ, विमाधंद्यातल्या जुन्या वस्तू जमवायचा नाद. जुन्या लंडनमध्ये सरकारी बंब नव्हते. विमा कंपन्याच आग विझवणारी माणसं पदरी ठेवत आणि ती माणसं दंडावर कंपनीचा चांदीचा बिल्ला मिरवत. तसला एक बिल्ला लिमना प्रदर्शनात ठेवायचा होता, पण आधी विमा हवा होता. मी भिंगातून ऐटीत पाहिलं, रिपोर्टमध्ये 'सॉलिड सिल्व्हर' लिहिलं आणि सोमवारी परत द्यायचा म्हणून बिल्ला घरी नेला. हे नियमात बसत नव्हतंच.

दिवाळी तोंडावर आली होती. माझी बायको मेधा देवाची चांदीची भांडी घासत होती.

"तुझं ते काळं काहीतरी आण इकडे. हात ओले आहेत तोवर घासून टाकते."

"नको, मीच घासतो. ऑफिसचं काम आहे."

मोटारवाल्याचा एक धर्म असतो. गाडी परत देताना धुऊन द्यायची, गिऱ्हाईक खूश होतं. बिल्ला चकाकला. मला चेव आला. आणखी घासला. मग तो पिवळा पडायला लागला.

"मेधा, चांदी पिवळी होते का गं?"

"आमच्या देवांची तरी कधी झाली नाही."

मग मी इंटरनेट उघडलं. हे आधी करायला हवं होतं. जुन्या चांदीवर काळाने चढवलेल्या काळपट थराला पॅटिना म्हणतात. जाणकार त्याचाच मान ठेवतात आणि तो काढला की वस्तूची किंमत उतरते. मी तर थराखालची चांदीही सिंकमध्ये सोडली होती. त्यात माझा एम्प्लॉयमेंट पास, म्हणजे इथला कामाचा परवाना, रिन्यूअलला आलेला. नोकरी गेली की पास गेला, पास गेला की पुणे.

"पुण्याच्या भाडेकरूला फ्लॅट रिकामा करायला सांगू का?" मेधाने विचारलं. ती गंमत करत नव्हती.

सोमवारी माझी बॉस मिस गो आणि मिस्टर लिम यांच्यासमोर मी सगळं ओकलो. टूथ पावडर, देवांची चांदी, मेधाचं उत्तर, सगळं. लिमनी बिल्ला हातात घेतला. नखाने खरवडला.

"सॉलिड चांदीच्या आत काय असतं?"

"चांदी," मी म्हणालो.

"आणि हे काय आहे?"

"पितळ... बहुतेक."

"बहुतेक नाही. नक्कल आहे ही! वर नुसता मुलामा. त्या दुकानदाराला आता बघतोच मी." मग ते मिस गोकडे वळले. "बरं झालं. प्रदर्शनात बाकीचे म्हातारे मला हसले असते."

मिस गोने माझा रिपोर्ट शांतपणे फाडला. माझा पास बचावला. सहकारी रजेवरून परतल्यावर मला पुन्हा मोटार विभागात पाठवलं. मी एवढंच शिकलो: धुण्याआधी विचारावं आणि लिहिण्याआधी तर नक्कीच.

त्या सोमवारी निघताना लिम दारात थांबले.

"घरी अजून वस्तू आहेत. तपासायला माणूस पाठवा."

"हाच येईल," मिस गो म्हणाली. "दुसरं कोणी नाही सध्या."

"ह्याला नको लाह," लिम अस्सल सिंगापुरी ढंगात म्हणाले. "ह्याच्या बायकोला पाठवा. तिला निदान चांदी कळते."