कपिलधारला गेलेले पाच मतदार

लोक घर सोडताना शिदोरी घेऊन निघतात. मी चौसाळ्यातून निघालो तो डोक्यावर परक्याचं न्हाणीचं घंगाळ घेऊन.

दौऱ्यावर कुणी बडे अंमलदार आले होते. मोगलाईत, म्हणजे निजामाच्या राज्यात, असा मुक्काम हलायचा तर सामान उचलायला गावातली माणसं फुकट बिगारीला धरीत. शिपाई गल्लीच्या तोंडाशी उभा राहून नावं पुकारी आणि पुकारा ऐकू आला की गडीमाणसं परसातनं जोंधळ्यात पसार होत. मागं उंबऱ्यात बायका उभ्या राहत. कारभारी कुठं आहे, असं शिपायानं विचारलं की सगळ्या घरांतून एकच उत्तर निघे, "कपिलधारला गेलेत." त्या देवस्थानाला आमच्या गावाएवढे भाविक कुठल्याच गावानं पुरवले नसतील, तेही न जाता.

त्या सकाळी सगळे पळाले. मी सापडलो, कारण मी पागोटं बांधायला थांबलो. लग्न नवं होतं. बायकोदेखत बोडक्यानं कसं पळायचं?

बा जोंधळ्याच्या आडोशानं वेशीपर्यंत बाजूबाजूनं चालत आला. डोक्यावरचं घंगाळ बघून म्हणाला, "लेका, नाव पुकारलं की आधी पळायचं. कावून, ते मागनं इचारायचं. किती बार सांगितलं?" आणि मग हळूच, "जप. पाय घसरंल."

बीडला छावणीत घंगाळ ठेवलं आणि मी माघारी वळलोच नाही. पश्चिमेची वाट धरली. करोडगिरीच्या नाक्यावर शिपायानं काय माल आहे म्हणून विचारलं, मी म्हटलं, डोकं. त्यानं नीट पाहिलं आणि जकात न घेता सोडलं.

इंग्रजी अमलातल्या नगरात आधी कडबा वाहिला, मग कडब्याची वखार घातली. वर्षाभरानं सखूला, म्हणजे बायकोला, आणवली. पुढं दोन खणांचं घर झालं. गल्लीत आमच्यासारखीच मोगलाईतून आलेली आणखी चार घरं होती. शेजारचा किसन शिंपी तेलगावचा. पाचही जणांनी घरपट्टी भरली आणि एक दिवस म्युनिसिपालटीच्या यादीत पाचही जणांची नावं लागली. आम्ही मतदार झालो! चौसाळ्याला तसं कळवलं, तर बाचं उलट पत्र आलं. दुसऱ्याकडून लिहवून घेतलेलं, एकाच ओळीचं : "यादीत नाव लागले हे वाचून काळजी वाटली."

मला हसू आलं तेव्हा.

आमच्या गल्लीत नळ नव्हता. बायका दोन वेशी ओलांडून पाणी आणीत आणि पाण्याइतकीच भांडणंही आणीत. गल्लीतले एक मास्तर मेंबरकीला उभे राहिले ते केवळ या नळासाठी. त्यांच्या विरोधात एक मोठे वाडेवाले उभे होते. त्यांच्या अंगणात आड होता, त्यामुळं त्यांना तहानेची माहिती कमी. मास्तर घरोघर फिरले. आम्ही पाचांनी गळ्याला हात लावून सांगितलं, "मास्तर, आमी हाय की!"

आता नीट ऐका, कारण इथून पुढं मी स्वतःची बाजू घेऊ शकत नाही.

मत द्यायचा दिवस मला ठाऊक होता. आंघोळ केली होती, धुतलेलं धोतर नेसलो होतो. टांगेवाल्यांचा कडबा पोचवला की जायचं ठरलं होतं. इकडं मास्तरांना वाटलं, बिचारी कष्टाची माणसं, चालत कशाला येतील? त्यांनी मायेनं टांगा पाठवला आणि सोबत शाळेचा पट्टेवाला. छातीवर पितळी बिल्ला, हातात कागद. तो गल्लीच्या तोंडाशी उभा राहिला आणि खड्या आवाजात वाचू लागला, "गणपत बिन रामजी!"

माझ्या डोक्यानं काही ऐकायच्या आत पायांनी ऐकलं. "पळ बे किश्या, पुकारा आला!" मी ओरडलो. किसननं कात्री टाकली, बाकीचे तिघे मिळेल त्या दारानं आले आणि आम्ही पाचही जण वखारीतल्या गंजीत घुसलो. कुणी विचारलं नाही, कावून. किसनला शिंक आली, मी त्याचं नाक दाबून धरलं. सूर्य कलला तरी आम्ही आतच होतो, आणि खोटं कशाला सांगू, आम्हाला आमचा मोठा अभिमान वाटत होता. इतक्या वर्षांनीसुद्धा पाय शाबूत होते!

तिकडं पट्टेवाल्यानं पाच दारं ठोठावली. पाच बायकांनी पदर सावरून सांगितलं, "कपिलधारला गेलेत."

मास्तर तीन मतांनी पडले.

संध्याकाळी ते स्वतः वखारीत आले. आमच्या डोक्यांत कडब्याची पाती अडकलेली. रागावले असते तर बरं झालं असतं. त्यांनी फक्त विचारलं, "गणपतराव, हे कपिलधार कुठं आलं हो?"

दुसऱ्या सकाळी सखूनं दोन घागरी माझ्यापुढं आदळल्या. "चला," ती म्हणाली. "कपिलधारला धबधबा हाय म्हनं. भरून आना." पुढची निवडणूक येईपर्यंत आमच्या घरचं पाणी मी वाहिलं. घंगाळाचा सराव होताच.

मधल्या काळात वाचनालयात एका वकीलसाहेबांचं व्याख्यान झालं. जो मत देणार नाही त्याला कायद्यानं दंड करावा, नाव चारचौघांत पुकारावं, असं त्यांचं म्हणणं. टाळ्या पडल्या. मास्तरांनी मला मुद्दाम उभं केलं. मी म्हटलं, "साहेब, कायदा करा. पण नाव पुकारायला बिल्लेवाला धाडाल तर आमच्याकडची सगळी कपिलधारला जातील." लोक खो खो हसले. मीही हसलो, पण ते हसू घरापर्यंत टिकलं नाही.

तेव्हापासून हा प्रश्न मला बसू देत नाही. गिऱ्हाईक समोर असलं तरी मी वखारीत येरझाऱ्या घालतो. दंड असता तर मी गेलो असतो का? गेलो असतो, आणि नळ आला असता. पण मत शिपायाच्या आवाजात दारी आलं तर ते बिगारच की! मग वाटतं, नळ सगळ्या गल्लीचा. तो आणायला कुणी जायचं आणि कुणी गंजीत बसायचं, हे ज्याच्या त्याच्या मर्जीवर कसं सोडावं? या टोकाला गेलं की ते टोक खरं वाटतं आणि त्या टोकाला गेलं की हे. सखूला विचारलं, तर ती भाकरी थापता थापता म्हणाली, "तुमी जात न्हाई म्हनून तुमाला दंड. आमा बायकांना जायचंय तर आमाला बंदी. अवो, जरा वाटून तरी घ्या!"

मी उठून पुन्हा येरझाऱ्या घालू लागलो.

पुढच्या निवडणुकीला बा नगरात आला होता. मत म्हणजे काय असतं ते बघतो म्हणून, मतं घेत होते त्या शाळेत माझ्याबरोबर आला. ओसरीवर आम्ही शेजारी बसलो. आतून कारकुनानं पुकारलं, "गणपत बिन रामजी!" आणि माझं मनगट आवळून बा ताडकन उठला. मीही उठलो होतो. चारही पाय बाहेरच्या दाराकडं वळलेले. मग बा खाली बसला, मनगट सोडलं. "जा आत," तो म्हणाला. "हे बिगारीचं न्हाई वाटत."

मी कारकुनाला मास्तरांचं नाव सांगून बाहेर आलो, तर बा तिथंच बसून होता. "माझंबी नाव घेतलं की रं त्यांनी. मग मला कावून न्हाई बोलावलं?"

'बिन रामजी' म्हणजे रामजीचा मुलगा, बाप नुसता ओळखीपुरता, मत मुलाचं, आणि मोगलाईत तर मुलाचंही नाही, हे मी त्याला समजावलं. मागच्या खेपेची गोष्ट त्याच्या कानावर आलेलीच होती. वखारीपाशी आल्यावर तो गंजीकडं बघून म्हणाला, "हितं दडला व्हता व्हय?"

"तुमीच शिकवलं, बा."

"म्या बिगारीला पळाया शिकवलं, लेका. ह्याला न्हाई."

मास्तर निवडून आले. नळ आला, धार करंगळीएवढी. परत जायच्या दिवशी बानं त्या नळाला हात लावला, डोळ्यांना पाणी लावलं आणि चौसाळ्याला निघून गेला, जिथं त्याचं नाव अजून फक्त ओझ्यासाठी घेतात.

गावाकडच्यांनो, तुम्ही पत्रातून विचारता, परत कधी येतोस. यावंसं रोज वाटतं. जोंधळ्यातनं पळताना पायांना बसलेले धसकटांचे ओरखडे आठवतात आणि त्यांचीही सय येते, काय सांगू! इथं घर आहे, नळ आहे. मत द्यायला मी आता शाळेचं दार उघडायच्या आधी जाऊन बसतो, कारण पुकाऱ्याला थांबलो तर पायांचा भरवसा नाही. पण ज्या ओसरीवर बाला नुसतं बसवून ठेवलं, ती सगळी माझी कशी म्हणू? आणि ज्या गावानं मला पळायला लावलं, त्यालाही घर कसं म्हणू? तरी खोटं बोलून मला झाकणारे उंबरे त्याच गावात आहेत.

तेव्हा कुणी बिल्लेवाला माझं नाव घेत आलाच, तर सांगा, कपिलधारला गेलाय. आणि बा विचारील, तर त्याला खरं सांगा : यादीत नाव आहे, आणि या खेपेला पोरगा पळाला नाही.