उंडोचा पट्टा

शुक्रवार, १८ ऑक्टोबर २०२४. कुत्र्याचा चामडी पट्टा, पितळी बकलाचा, म्हापशाच्या बाजारातून : एकशे पंच्याऐंशी रुपये.

हा पट्टा मी भागीरथी गावडे हिच्यासाठी आणला. गोव्यात तुयेच्या औद्योगिक वसाहतीत आमचा कारखाना आहे. मी तिथे हिशेब बघतो आणि ती पॅकिंगला होती. नवरा गेल्यावर चौदा वर्षांपूर्वी ती चंदगडकडून इथे आली. मूलबाळ नाही. गावी भाऊ आहे, तो गणपतीला एकदा फोन करी. घरमालक गोकुळदासबाबच्या भाड्याच्या पाच खोल्यांपैकी शेवटची तिची. शेजारच्या खोल्यांत बिगारी मुलं येत-जात असत, त्यामुळे बोलायला असं कोणी नव्हतं.

पिल्लू तिला कारखान्याच्या कुंपणाशी सापडलं. तपकिरी, गोल, अगदी पदेराच्या, म्हणजे पाववाल्याच्या, टोपलीतल्या उंड्यासारखं. म्हणून नाव उंडो. सकाळी पदेराने सायकलवरून पोंपों केलं की ती दोन उंडे पाव घेई, एक चहात बुडवायला आणि एक त्याला. तो तिच्या खाटेखाली झोपे. ‘रात्री कूस बदलली की खालनं शेपटी आपटतो, सायेब. कुणीतरी हूं म्हटल्यागत वाटतंय,’ असं ती मला एकदा म्हणाली होती.

मी तिला सगळं नीट सांगितलं. रेबीजची लस टोचून घे, पंचायतीत नोंद कर, पट्टा घाल, म्हणजे कुत्रा कायद्याने तुझा. लस तिने टोचून घेतली होती. पगार सात तारखेला होतो, म्हणून पट्ट्याचे पैसे तोवर मी घातले.

नोंदीच्या फॉर्मवर घर क्रमांक लागला. घर गोकुळदासबाबचं, तेव्हा ती त्यांना विचारायला गेली. त्यांनी आतून भाडेकरार आणून अंगणातच वाचून दाखवला. खोलीत जनावर ठेवायचं नाही, असं त्यात लिहिलं होतं. खाली तिची सही होती. चौदा वर्षं दर अकरा महिन्यांनी ती न वाचता सही करत आली होती.

‘कुत्रो पोसूचो आसलो तर सोताचा घर बांध,’ गोकुळदासबाब म्हणाले.

मी कायदा वाचून पाहिला. गृहनिर्माण सोसायटी असती तर तिला कुत्रा पाळायला बंदी घालता आली नसती. पण पाच खोल्यांची ही ओळ म्हणजे सोसायटी नव्हे, आणि करार तर होताच.

आठ दिवसांत गोकुळदासबाबनी पंचायतीत तक्रार दिली. पंच पद्मावतीबाय स्वतः बघायला आल्या. भागीरथीने मला बोलावलं होतं, म्हणून मीही गेलो. फाटकापाशी बरीच माणसं जमली होती.

पद्मावतीबायनी दोन्ही वाटा उघड सांगितल्या. कुत्रा पाळलेला असेल तर करार मोडला, खोली सोडावी लागेल. रस्त्याचा असेल तर कुत्री पकडणारी गाडी नेईल, नसबंदी करील आणि उचलला तिथेच आणून सोडील. मग त्याला इथून हुसकावायचा अधिकार कोणालाच नाही, गोकुळदासबाबनाही नाही. फाटकाबाहेर त्याला कोणीही खाऊ घालावं.

‘तर हो कुत्रो कोणाचो, भागीरथीबाय?’

भागीरथी फाटकाकडे बघत होती. ‘कुणाचा न्हाई. रस्त्याचा हाय.’

उंडो येऊन तिच्या पावलावर बसला.

‘मगे तो तुज्याच पायार कित्याक बसता?’ गोकुळदासबाबनी विचारलं. लोक हसले. पदेर म्हणाला, ‘पाय ऊन आसतले.’ लोक परत हसले. भागीरथीने पाय काढून घेतला.

गाडी त्याला घेऊन गेली आणि पाचव्या दिवशी फाटकापाशी सोडून गेली. डाव्या कानाचं टोक कापलेलं होतं, नसबंदी झाल्याची ती खूण. आता तो सरकारी नियमाने सुरक्षित होता. फक्त खोलीत येता येत नव्हतं. पट्टा खिळ्याला टांगला होता, तो तसाच राहिला.

पहिल्या आठवड्यात तो रोज रात्री कुंपणातून शिरून दार खरवडायचा. समोरच घरमालकाची खिडकी. ती दार किलकिलं करून त्याला पायाने मागे सारी. ‘मारत न्हाई सायेब, नुसतं सारते,’ ती मला सांगायची. हळूहळू खरवडणं थांबलं. संध्याकाळी कारखान्याचा भोंगा झाला की तो फाटकाबाहेर येऊन बसे. ती ताट घेऊन फाटकाच्या आतल्या दगडावर बसे. मधे गज. दोघं जेवत, मग ती आत जाई.

३१ मे २०२५ला ती निवृत्त झाली. दुसऱ्या दिवशी भावाने टेम्पो पाठवला. फंडाच्या एका कागदावर तिची सही राहिली होती, ती घ्यायला मी सकाळी गेलो. सामान चढलं होतं, खोलीची किल्ली तेवढी परत द्यायची होती. गोकुळदासबाब व्हरांड्यात पेपर वाचत बसले होते. ‘न्हे गे तुज्या रस्त्याच्या कुत्र्याक,’ ते पेपरातून वर न बघता म्हणाले. ‘पंचायतीत मी सांभाळून घेतंय.’

भागीरथीने पट्टा खिळ्यावरून काढला. फाटक उघडलं. उंडो तिच्या मागून अंगणातून चालत दारापर्यंत आला आणि थांबला. ती आत रिकाम्या खोलीत उकिडवी बसली.

‘ये. ये की आत. आता कोण काय म्हणत न्हाई.’

त्याने शेपटी हलवली. एक पाय उंबऱ्यावर ठेवला, परत खाली घेतला. तिने हातातला उंडा दाखवला. तो बाहेरच बसला, कान मागे घेऊन. ती उठून पट्टा घेऊन बाहेर आली तेव्हा तो उठला, फाटकाबाहेर गेला आणि आपल्या जागेवर जाऊन बसला. टेम्पोपाशीही तेच झालं. ती दोन पावलं पुढे आली की तो दोन पावलं मागे. मी मागून धरतो म्हणालो. ती नको म्हणाली.

ड्रायव्हरने दोनदा हॉर्न दिला. तिने उंडा मोडून दगडावर ठेवला, पट्टा माझ्या हातात दिला आणि पुढच्या सीटवर चढली.

तिच्या खोलीत आता बेळगावकडचं एक जोडपं राहतं. उंडो भोंग्याच्या वेळी फाटकापाशी असतो. कधी गोकुळदासबाबच्या घरातून भात येतो, कधी मी उंडा नेतो. महिन्या-दोन महिन्यांनी तिचा फोन येतो, तेव्हा ती त्याच्या कानाची जखम भरली का, असं विचारते. ती केव्हाच भरली आहे. मी तसं सांगतो.

पट्टा माझ्या कपाटात आहे. नोव्हेंबरच्या पगारात तिने शंभर रुपये दिले. पंच्याऐंशी यायचे आहेत.