मुलाणीबाईंचा राखणदार

मुलाणीबाई स्टाफरूममध्ये कुणालाही कोशिंबिरीला आधी मीठ घालू देत नसत. सगळे जेवायला बसेपर्यंत मिठाची पुडी त्यांच्या मुठीत असे. "मीठ पडलं की काकडी रडाय लागती. जेवायच्या आधीच कशाला रडवायची?" असं म्हणत.

कवठे महांकाळच्या आमच्या शाळेत त्या विज्ञान शिकवत, मी गणित. बाईंनी लग्न केलं नव्हतं. थोरल्या भावाकडे राहत. पेशींचा धडा आला की पोरं घरून बेदाणे आणत. सकाळी पाण्यात टाकलेला बेदाणा शाळा सुटेपर्यंत टम्म फुगे. दुसऱ्या दिवशी तोच साखरेच्या दाट पाकात टाकला की पुन्हा आक्रसे. उरलेले बेदाणे पोरं फस्त करत आणि बाई त्यांना उंदरं म्हणत.

मग बीट. कच्ची फोड धुऊन गार पाण्यात ठेवली, तर पाणी नितळ राही. उकडलेली फोड ठेवली की लालभडक. "जित्या पेशीच्या दारात राखणदार असतो," बाई सांगत. "पाण्याला सोडतो, रंगाला अडवतो. पेशी मेली की दार सताड उघडं. मग कुनी या, कुनी जावा."

पुढे बाईंची मूत्रपिंडं निकामी झाली. डायलिसिससाठी सांगलीला जावं लागे. सुट्टी असली की मी सोबत जाई. पाणी मोजून प्यायचं. उन्हाळ्यात एसटीत शेजारचा माणूस बाटली तोंडाला लावी, तेव्हा त्या खिडकीबाहेर बघत. सुजलेल्या पावलावर बोट दाबून खळगा दाखवत. "बेदाणा फुगला, बाई," मला म्हणत. मी हसत नसे. त्यांनाही ते अपेक्षित नसावं.

शेवटी छातीत पाणी झालं. पुण्याला हलवायचं, घशात नळी घालून यंत्रावर ठेवायचं, असं सांगलीच्या दवाखान्यात भाऊ आणि डॉक्टर खाटेच्या पायथ्याशी उभे राहून ठरवत होते. भाऊ रडकुंडीला आला होता. बाईंनी माझा पदर ओढला.

"त्यांना सांगा, राखणदार अजून जागा हाय. मला इचारा."

मी सांगितलं. भावाला अर्थ कळला नाही, म्हणून सरळ शब्दांत सांगितलं. डॉक्टर उशाशी आले आणि त्यांनी विचारलं. नळी नको, पुणे नको, डायलिसिसही आता नको, घरी न्या, असं बाई म्हणाल्या. भाऊ माझ्यावर चिडला. त्याला वाटलं, मीच शिकवलं.

घरी त्यांनी तांब्याभर पाणी मागितलं. भाऊ माझ्याकडे बघत राहिला. मग त्यानेच तांब्या भरला आणि त्यांना टेकवून बसवलं. बाई सावकाश, मधे थांबत, सगळं पाणी प्याल्या. दोन दिवसांनी गेल्या.

आता स्टाफरूममध्ये कोशिंबिरीला सकाळी घरूनच मीठ लागून येतं. दुपारी डबा उघडला की तळाशी पाणी साचलेलं असतं. मी ते बेसिनमध्ये ओतते आणि जेवायला बसते.